रेमंडचा वस्तरा आणि माझे सहा दगड

३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी. डायरी एका पंपवाल्या सप्लायरने जानेवारीत दिलेली, कोरीच पडून होती. लतिका तिच्यात इस्त्रीचे कपडे लिहिणार होती. हातातून काढून घेतली. काही माणसांच्या कामाची नोंद राहायला हवी, हे बायकोला कळत नाही.

काम असं. काल गास गावी रेमंडच्या घरी गेलो होतो. तो ऑफिसात स्टोअर्सला, मी परचेसला. एकोणीस वर्षं एका टेबलावर डबा खातोय. माणूस चांगला, डोकं बेताचं. त्याच्या मुलाचं, ॲलिस्टरचं लग्न २८ डिसेंबरला. त्यांच्या घरात लग्नाच्या सकाळी नवऱ्याला मांडवात खुर्चीवर बसवतात, बेंजो लावतात आणि सगळ्यांसमोर न्हावी त्याची दाढी करतो. त्यासाठी घराण्याचा वस्तरा आहे. रेमंडचे आजोबा, सॅन्टन नावाचे, बोटीवर नोकरीला होते, त्यांनी आणलेला. जर्मन. त्याची बायको, फ्लोरावहिनी, डबी आणायला उठल्या तर डबीत वस्तराच नाही. तो रेमंडच्या आईच्या मांडीवर. रीटाआजी ब्याऐंशीची, दिसत नाही काही. रोज संध्याकाळी रोझरी झाली की वस्तरा उघडून पात्यावरून बोट फिरवत बसते म्हणे. म्हातारपणी माणसाला कशाचाही विरंगुळा होतो.

रेमंड म्हणाला, मूठ ढिली झालीय, पातं हलतं, तेवढी पिन बसवून दे, तुझा हात स्थिर आहे. पितळेची पिन कागदाच्या पुडीत बांधून दिली. मी धार पाहिली. धार कसली! लोणी कापलं तर शपथ. म्हटलं, धारही लावून देतो. तर घाईघाईने म्हणे नको नको, धार राहू दे, त्या पात्यावर आहे ना, आईचं काय होतं माहितेय का... ह्या माणसाची सगळी वाक्यं आईपासून सुरू होतात. पुढचं मी ऐकलं नाही.

संकल्प: २८ डिसेंबरला मांडवात वस्तरा असा चालला पाहिजे की गासवाल्यांनी पुढची पन्नास वर्षं नाव काढावं. माझं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

अभ्यास. सात व्हिडिओ पाहिले, त्यातले तीन पूर्ण.

वस्तऱ्याला धार लावणाऱ्यांची एक जमात जगात आहे. एक गोरा (वस्तऱ्याचा व्हिडिओ आणि स्वतःला छातीपर्यंत दाढी!) चाळीस मिनिटं दगड कुरवाळत होता. जपानी दगड म्हणे, चौदा हजार. बेल्जियमचा त्याच्याही वर. अरे, दगड आहे तो! इथे विरारला डोंगरच्या डोंगर फोडून खडी नेतात ट्रकने. सगळे एकच तुणतुणं वाजवतात: शिकायचं तर स्वस्तातल्या वस्तऱ्यावर शिका, वाडवडिलांच्या वस्तऱ्याला हात लावू नका. हे शिकाऊ लोकांसाठी. आणि म्हणे आधी पात्याच्या पाठीला इन्सुलेशन टेप लावा, म्हणजे ती झिजणार नाही. टेप! टेप चष्म्याच्या मोडक्या काडीला लावतात.

बावीस वर्षं परचेसमध्ये काढलीत. तीन कोटेशन घ्यायची, सगळ्यात कमी रेट तो आपला. दगडाला वेगळा नियम नाही. बजेट पाचशे रुपये.

९ नोव्हेंबर, शनिवार

दगड नं. १. मनवेलपाड्यातला हार्डवेअरवाला, एकशे वीस रुपये. एक बाजू खरबरीत, दुसरी जास्त खरबरीत. त्याने विचारलं सुरीसाठी की कोयत्यासाठी. वस्तरा म्हटल्यावर म्हणाला, साहेब, ह्याने वस्तऱ्याची करवत होईल. दुकानदाराला स्वतःचा माल माहीत नसतो, हा माझा जुना अनुभव.

संध्याकाळी गॅलरीत पहिली बैठक. पाऊण तास. पात्यावर, मुठीच्या बाजूला, चार ओरखडे होते. फुल्यांसारखे. कोणा अडाण्याने खिळ्याने केलेले. चांगल्या वस्तूची किंमत नसते लोकांना! पातं आडवं पाडून चारही साफ घासून काढले. दुसऱ्या फुलीची जागा गुळगुळीत झिजलेली होती, ती पटकन गेली. आता आरशासारखं चकाकतंय. रेमंड बघतच राहील.

हाताच्या केसांवर चाचणी. केस वाकले, कापले गेले नाहीत. माझे केस मुळात मऊ, आईकडून आलेत.

१० नोव्हेंबर, रविवार

कडक संकल्प. ह्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी केल्याशिवाय सलूनची पायरी चढणार नाही. नाक्यावरचा तो न्हावी अर्धं ब्लेड मोडून पट्टीत अडकवतो आणि त्याला वस्तरा म्हणतो. मानेत मोबाइल, तोंडात मावा, हातात माझा गळा. आणि गिऱ्हाईक मान वर करून डोळे मिटून बसतात, मेंढरं. मीही वीस वर्षं बसलो. आता पुरे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दगड नं. २ आला. ऑनलाइन. आठ हजार ग्रिट, म्हणजे अतिशय बारीक. तीनशे एकोणपन्नास रुपयांत! चौदा हजार देणाऱ्यांची कीव आली. खोक्यावर जपानी अक्षरं, खाली बारीक अक्षरात मेड इन राजकोट. सोबतच्या कागदावर सूचना होत्या. सूचना मी वाचत नाही. दगड बादलीत भिजत घातला, जपानी लोक घालतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दगड विरघळला. बादलीत तळाशी राखाडी चिखल. कागद वाचला: भिजवू नये. एवढी महत्त्वाची गोष्ट नवव्या नंबरवर कोण लिहितं? एक स्टार दिला. लतिकाने न बघता त्याच बादलीत आंघोळीचं पाणी सोडलं होतं. ती जे बोलली ते लिहीत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार. संकष्टी

दगड म्हणजे काही पैशाने आणायची वस्तू नाही, दृष्टी लागते. घरातच उत्तम दगड होता. देवघरातली सहाण! माझ्या आजीच्या हातची, साठ वर्षं चंदन उगाळून उगाळून रेशमासारखी झालेली. दगड नं. ३, खर्च शून्य. पहाटे उठून अर्धा तास वस्तरा घासला, नीट धुऊन जागेवर ठेवली.

नीट धुतली नव्हती, असं लतिकाचं म्हणणं. गणपतीच्या कपाळाला काळं गंध लागलं. तिचा उपास, पोटात साबुदाणासुद्धा नाही, त्यात हे. म्हणाली, देवाची सहाण आणि वस्तरा, तुमच्या बुद्धीला काय म्हणावं. मी म्हटलं, लोखंड घासलंय, मटण नाही. तिने चंद्र बघेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. चंद्र उगवून गेला, अजून बोललेली नाही.

सहाणेला मधे जरा खोलगट आलंय. दिसत नाही फारसं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दाढी बारा दिवसांची. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात विचारलं, घरात कोणी गेलं का. मी मान खाली घातली, कारण नाही म्हणायचं तर वस्तऱ्याचं सगळं सांगावं लागलं असतं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि शनिवारी येऊ नका म्हणाले. दुपारपर्यंत सगळा फ्लोर येऊन हात जोडून गेला. रेमंडही आला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, काका गेले का तुझे? मी म्हटलं, दूरचे.

लगेच हळूच विचारलं, पिन झाली का, आई रोज संध्याकाळी विचारते वस्तरा आला का. म्हटलं, होतंय. वीस दिवस एका वस्तूवाचून राहता येत नाही ह्या लोकांना.

२४ नोव्हेंबर, रविवार

व्हिडिओत एक उपयोगाचं सापडलं. कपाच्या बुडाशी गोल कड असते ना, तिच्यावर काचेसारखी चकाकी चढवलेली नसते, तिथे पाजवता येतं. दगड नं. ४: आमच्या लेकीचा, आर्याचा कॉफीचा मग. मैत्रिणींनी वाढदिवसाला दिलेला. कान तुटला, पण कानाशी धारेचा काही संबंध नाही. आर्या कॉलेजातून आल्यावर वस्तरा उजेडात धरून म्हणाली, बाबा, धारेला दोन दाते पडलेत. मी म्हटलं, त्याला तांत्रिक नाव आहे. कोणतं, म्हणाली. आजकालच्या मुलांना सगळं आयतं हवं.

१ डिसेंबर, रविवार

राजोडी. कुटुंबाला वाटलं समुद्रावर फिरायला नेतोय. लतिका खूश होऊन बटाटेवडे घेऊन आली होती. मी दगड शोधत होतो. समुद्र हजारो वर्षं दगडाला पॉलिश करतोय फुकट, आणि माणसं बेल्जियमला पैसे पाठवतात! आर्याच्या सॅकमध्ये अकरा दगड भरले. बंद तुटला.

होडीच्या सावलीत सेबेस्टियन म्हणून एक म्हातारा बसला होता, मासे कापायच्या सुरीला धार लावत. मी त्याच्याशेजारी बसून माझा दगड काढला. त्याने थोडा वेळ बघितलं, मग वस्तरा मागितला, अंगठ्यावर फिरवला. म्हणाला, पानी मारा वरून, आनि जोर नका करू. मग म्हणाला, दगडाचं काय नाय साहेब, हात पायजे. मग विचारलं, कोनाचा वस्तरा हाय? मित्राचा म्हटलं. तर म्हणे, परत देऊन टाका.

सुरीवाला! सुरमई कापणं वेगळं आणि माणसाचा गाल वेगळा, एवढंही कळत नाही. दगड नं. ५ त्याच्या नाकावर टिच्चून तिथेच वापरला. वाळू घुसली. मूठ जास्त ढिली झाली. पिनेचं बघायला हवं.

८ डिसेंबर, रविवार

रोज एक तास. मनगट सुजलंय. टोमॅटोवर चाचणी केली: टोमॅटो चेंगरला. बाजारात टोमॅटोची क्वालिटीच राहिलेली नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

डब्याच्या वेळी रेमंड आला. फ्लोरावहिनींनी मला आवडतं म्हणून बोंबलाचं लोणचं पाठवलं होतं, ते पुढे केलं आणि म्हणाला, जितू, पिन नसेल जमत तर राहू दे, वस्तरा तसाच आण. आईला संध्याकाळी करमत नाही, रिकामी मूठ उघडमीट करत बसते. मी म्हटलं, पंचवीस तारखेच्या आत. म्हटलं, सरप्राइज आहे. त्याला सरप्राइज शब्दाने आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ह्या माणसाला कशाचं कौतुक म्हणून नाही.

लोणचं उत्तम होतं.

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी ११

यश.

खाली सायकलवर धारवाला आला होता, मागच्या चाकाला दगड जोडलेला, पायडल मारलं की फिरतो. मी पाच दगडांचा अनुभव गाठीशी बांधून खाली उतरलो. तो वस्तरा बघून हिंदीत म्हणाला, साब, इसको किसने मारा? दोन दाते घालवायला त्याला बरंच लोखंड काढावं लागलं, पातं आता बारीक दिसतंय. ठिणग्या उडाल्या. मी शेजारी उभं राहून देखरेख केली. शेवटी त्याने स्वतःच्या चामड्याच्या पट्ट्यावर पातं दोनदा घासलं. एकूण सहा मिनिटं.

दगड नं. ६ म्हणून नोंद करतोय. दगड त्याचा, पण अभ्यास माझा. केस हवेत धरला, लागताच कापला गेला! सहा आठवडे सगळ्यांनी हसून घेतलं. आता हसा म्हणावं.

२६ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ७.३०

स्वतःची दाढी. साडेसहा आठवड्यांची. साबण लावला, उजव्या गालाला सुरुवात केली, पहिला हात असा काही गेला की मला माझाच अभिमान वाटला. तिसऱ्या हाताला मूठ हातात वळली आणि हनुवटीवर धारेच्या उत्तमपणाचा पुरावा मिळाला. बरंच रक्त. आर्याने तीन पट्ट्या लावल्या. उजवा गाल साफ, डावीकडे जंगल. लतिकाने एकदा पाहिलं आणि बाहेर जाऊन हसली, मला ऐकू आलं. म्हणाली, सलूनमध्ये जा, लग्नाला असे येणार आहात का. मी म्हटलं, संकल्प म्हणजे संकल्प.

पिन राहिलीच. आता मांडवात देईन डबी, सगळ्यांसमोर. पिनेपेक्षा धार बघतील लोक.

२८ डिसेंबर, शनिवार. दुपारी ३.४०

लिहावं की नाही कळत नाही. नोंद राहायला हवी असं मीच म्हटलं होतं.

सकाळी आठला गासला पोचलो. मांडव, बेंजो, बाया गाणी म्हणतायत. ॲलिस्टर खुर्चीवर, खांद्यावर पांढरा टॉवेल. शांताराम न्हावी धोपटी घेऊन शेजारी, पंचाहत्तरीचा, हात थरथरतो. माझ्या तोंडाकडे सगळे बघत होते. रेमंड धावत आला, डबीवर हात ठेवून म्हणाला, आणलास ना बाबा. मी हात मागे घेतला. म्हटलं, मी देतो, सगळ्यांसमोर.

मला माहीत नव्हतं की वस्तरा आधी घरातल्या मोठ्या बाईच्या हातात द्यायचा असतो. ती नवऱ्याला आशीर्वाद देते, मग न्हाव्याकडे जातो. रीटाआजीला धरून आणलं. मी वाकून वस्तरा तिच्या हातात दिला. म्हातारी हसली. दोन महिन्यांनी भेटला ना तिला. उघडला आणि बोट मुठीजवळ नेलं.

बोट वर गेलं, खाली गेलं, परत वर. मग पातं उलटं करून दुसरी बाजू चाचपली. ती रेमंडला म्हणाली, ह्यो आपला नाय. कोनाचा तरी दुसरा आनलाय, आपला द्या.

रेमंडने पातं बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, आपलाच आहे आजी, साफ केलाय. तिला पटेना. तिने परत बोट दाबून शोधायला सुरुवात केली. मूठ ढिली होती. पातं वळलं.

धार लागली होती, एवढं खरं. बोटाला खोल गेलं. ॲलिस्टरच्या पांढऱ्या टॉवेलवर रक्त. बेंजो थांबला.

फ्लोरावहिनी बोट बांधता बांधता बोलत होत्या, माझ्याकडे न बघता. घरात कोणा मुलाचं लग्न झालं की शांताराम किंवा त्याचा बाप पात्यावर एक फुली ओढायचा. पहिली आजेसासऱ्यांची, सॅन्टनची. दुसरी रीटाआजीच्या नवऱ्याची. मग दिराची, मग रेमंडची. नवरा गेल्यापासून आजी रोज संध्याकाळी त्या दुसऱ्या फुलीवर बोट ठेवून बसते, म्हणून ती तेवढी झिजलेली. आणि तिची नजर गेली तेव्हा रेमंडनेच शांतारामकडून वस्तरा मुद्दाम बोथट करून घेतला, तिला लागू नये म्हणून. दाढी दुसऱ्या वस्तऱ्याने करायची, हा फक्त मानाला. हे सगळं रेमंड तुम्हाला वस्तरा देतानाच सांगत होता, म्हणाल्या.

आजीने विचारलं, म्हंजे फुली गेली? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बरं. एवढंच.

शांतारामने धोपटीतून अर्ध्या ब्लेडचा वस्तरा काढला आणि ॲलिस्टरची दाढी केली. थरथरत्या हाताने. एक ओरखडा नाही. नवी फुली ओढायला त्याने खिळा काढला, तेव्हा रेमंडने डबी मिटली.

मी कडेला उभा होतो. शांतारामने खुर्चीवर टॉवेल झटकला आणि मला हाक मारली. म्हणाला, या साहेब, चर्चमध्ये असं येऊ नका, नवऱ्यामुलाच्या फोटोत याल. सगळा मांडव बघत होता. मी बसलो. मान वर केली, डोळे मिटले.

३० डिसेंबर, सोमवार

रेमंड रजेवर नव्हता. डबा त्याने स्टोअर्समध्येच खाल्ला. मी आमच्या टेबलावर एकटा. साडेतीनला खाली गेलो. म्हटलं, वस्तरा दे, पिन बसवून देतो, फक्त पिन, बाकी कशाला हात लावणार नाही. तो गॅस्केट मोजत होता. मोजणं संपवलं. म्हणाला, राहू दे.

आजीला कसं आहे विचारलं. म्हणाला, दोन टाके. संध्याकाळी वस्तरा दिला तर घेत नाही, दुसऱ्या कोणाचा आहे म्हणते.

घरी आल्यावर समुद्राचे दगड खाली झाडाच्या बुंध्याशी ओतले. सहाण लतिकाने स्वतःच घासून धुतली, खड्ड्यात पाणी साचतं. उरलेली डायरी तिला देणार आहे, इस्त्रीचे कपडे लिहायला.

पिन शोधली. बॅगेच्या चोरकप्प्यात होती. पुडी रेमंडने बांधली होती तशीच, उघडलेलीसुद्धा नाही.